अपडेट चालू असताना लाईट गेली, आता राऊटरचे सगळे दिवे लुकलुकतायत – वाचेल का?

सातारी_कंदी
मंडळी नमस्कार, मोबाईलच्या डेटावरून लिहितोय, गावात एक कांडी रेंज येते ती पण माळ्यावर चढल्यावर, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर सांभाळून घ्या. गणपतीला घरी आलोय, कराडच्या अलीकडे. घरी टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन आहे, दोन दांड्यांचा पांढरा, बऱ्याच वर्षांचा. केबलवाल्याची वायर निळ्या पोर्टात येते आणि त्यावर घरातले पाच-सहा मोबाईल नि अप्पांचा टीव्ही चालतो. काल आरतीच्या आधी मला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, म्हटलं एवढा जुना आहे तर फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, तरी नवीन टाकू, फाईल उतरवली, लॅपटॉप वायफायवरच होता, अपडेट दाबलं, पट्टी निम्म्याच्या आसपास आली आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आहे पण त्यावर पंखे आणि गणपतीची लाईटिंग, राऊटर नाही.

लाईट आल्यापासून असं होतंय की सगळे दिवे एकदम लागतात, विझतात, पॉवरचा तेवढा राहतो, चार-पाच सेकंद जातात आणि परत सगळे लागतात, रात्रभर हेच. वायफायचं नावच दिसत नाही. वायर लावून १९२.१६८.०.१ ला पिंग केलं तर रिक्वेस्ट टाईम्ड आऊट. मागचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, ढिम्म. अप्पा मला काही बोलले नाहीत, नुसते रिमोट हातात घेऊन बसलेत, ते जास्त लागतं हो. काही होईल का, का भंगारात?

खटपट्या
३०-३०-३० कर. बटण दाबून तीस सेकंद, दाबलेलंच ठेवून वायर काढ तीस सेकंद, तसंच दाबून परत लाव तीस सेकंद. माझा एक असाच उठला होता.

विदर्भ_एक्स्प्रेस
भाऊ सगळ्यात आधी अडॅप्टर पाहा ना. माझ्याकडे दुकानात रिपेरिंगला जेवढे असे लुकलुकणारे डबे येतात त्यातल्या बऱ्याच राऊटरला काहीच झालेलं नसते, अडॅप्टर मेलेला असते. या मॉडेलचा ९ व्होल्ट ०.६ अँपियर असते. मीटर लावला तर बरोबर ९ दाखवते, लोक म्हणतात काका अडॅप्टर चांगला आहे, पण लोड आला की दाणकन खाली बसते, राऊटर उठायला जाते तिथेच कोसळते, परत उठते, परत कोसळते. आतला कपॅसिटर फुगला असते, बाकी काही नाही. तुझ्या केसमध्ये अपडेट अर्धा राहिला ते दिसतेच आहे, तरी पण दुसरा ९ व्होल्टचा लावून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ते १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात ना राऊटरसाठी, ते याला डायरेक्ट लावू नको बरं, पिन बसते म्हणून चालते असं नाही.

रात्रपाळी
खटपट्या, ३०-३०-३० नको. ते लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीच्या जमान्यातलं आहे, तो राऊटर आला २००२ च्या शेवटाला, त्यावर लोक डीडी-डब्ल्यूआरटी नावाचं बाहेरचं फर्मवेअर टाकायचे आणि जुन्या सेटिंग्ज पुसायला हा नव्वद सेकंदांचा नवस करायचे. नेटवर सगळीकडे तेच चिकटवलेलं असतं म्हणून लोक मिक्सरला पण करतील. इथे पुसायला सेटिंग्जच नाहीयेत, घरच पडलंय.

कंदी, तुझ्या वर्णनात एक चांगली बातमी आहे. दिवे परत परत लागतायत ना, म्हणजे बूटलोडर, चालू होताना सगळ्यात आधी उठणारा छोटा प्रोग्राम, जिवंत आहे. या राऊटरमध्ये ४ एमबीची फ्लॅश चिप असते. त्यातले पहिले १२८ केबी बूटलोडर, नंतर पावणेचार एमबी फर्मवेअर, मग ६४ केबी तुझ्या सेटिंग्ज, आणि शेवटचे ६४ केबी रेडिओचं कॅलिब्रेशन. अपडेट लिहिलं जात होतं ते मधल्या पावणेचार एमबीमध्ये. आता बूटलोडर उठतो, फर्मवेअर उलगडायला जातो, ते अर्धवट आहे म्हणून मध्येच फाटतं, आणि तो स्वतःला रिसेट मारून परत पहिल्यापासून सुरू करतो. बोर्डाला सिरियल वायर लावून राऊटरचे संदेश लॅपटॉपवर बघितलेस तर तिथे अक्षरशः 'एलझेडएमए एरर, मस्ट रिसेट बोर्ड टू रिकव्हर' असं येताना दिसेल. बूटलोडर मेला असता तर दिवे असे नाचले नसते, नुसता एखादा दिवा मख्खासारखा लागून राहिला असता.

तर खाली चिकटवलेला स्टिकर बघ, त्यावर व्हर्जन असतं, व्हर ९.० वगैरे, ते अगोदर सांग, कारण नाव एकच असलं तरी आतलं हार्डवेअर व्हर्जनप्रमाणे पार बदलतं आणि रिकव्हरीची रीत पण बदलते. लॅनची केबल आणि लॅनचं पोर्ट असलेला लॅपटॉप आहे का?

सातारी_कंदी
ताई खूप धीर आला. स्टिकरवर व्हर ९.० आहे. लॅपटॉप ऑफिसचा आहे, लॅन पोर्ट आहे. विंडोज १०. अडॅप्टर बदलून बघितला, शेजारच्या काकांच्या राऊटरचा ९ व्होल्टचा मिळाला, फरक नाही. विदर्भ भाऊ धन्यवाद, निदान ती शंका मिटली.

शनिवारपेठी
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? हजारेक रुपयांत नवीन येतो. दहा वर्षांच्या राऊटरवर दोन दिवस घालवायचे म्हणजे ताकापेक्षा रवंथ जास्त.

रात्रपाळी
शनिवारपेठी, म्हण 'चार आण्याची कोंबडी' अशी आहे, आणि ती पण इथे बसत नाही. गावात गणपतीत नवीन राऊटर कुठून आणणार, आणि आणला तरी बऱ्याच केबलवाल्यांकडे जुन्या राऊटरचा ओळख क्रमांक म्हणजे मॅक अॅड्रेस बांधलेला असतो, नवीन लावला की नेट येत नाही आणि त्यांचा माणूस विसर्जनानंतर येतो. असो.

कंदी, व्हर ९ ला टीएफटीपी रिकव्हरी आहे, टीएफटीपी म्हणजे वायरीवरून फाईल पाठवायची साधी पद्धत. नीट वाच कारण यात लोक एकाच ठिकाणी आपटतात, ती म्हणजे दिशा. काही कंपन्यांच्या राऊटरमध्ये बूटलोडर दुकान उघडून बसतो आणि तू लॅपटॉपवरून फाईल ढकलायची असते. तुझ्या राऊटरमध्ये उलटं आहे. राऊटर स्वतः गिऱ्हाईक होऊन येतो, १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर जातो आणि एका ठराविक नावाची फाईल मागतो. दुकान तुझ्या लॅपटॉपवर पाहिजे. म्हणून विंडोजच्या फीचर्समध्ये 'टीएफटीपी क्लायंट' असतो तो चालू करून काही उपयोग नाही, अर्धे लोक तिथेच रात्र घालवतात.

मोबाईल लॅपटॉपला जोडून टीएफटीपीडी६४ नावाचा छोटा प्रोग्राम उतरव, फुकट आहे. व्हर ९ चीच फर्मवेअर फाईल परत उतरव. मग मोबाईल काढ, लॅपटॉपचं वायफाय पूर्ण बंद कर. लॅन कार्डाला हाताने पत्ता दे १९२.१६८.०.६६, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. फायरवॉल तेवढ्यापुरती बंद, नाहीतर विंडोज राऊटरची हाक आत येऊच देत नाही आणि तुला काही कळत पण नाही. फाईलचं नाव बदलून डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन कर, हे अर्थातच इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये स्पेस नाही, अंडरस्कोर. नावावर माझा भरवसा नको ठेवूस, टीएफटीपीडीच्या लॉगमध्ये राऊटर स्वतः सांगतो त्याला कुठली फाईल पाहिजे, ते अक्षर न अक्षर बघ.

वायर पिवळ्या लॅन पोर्टात, निळ्या नाही. राऊटर बंद, मागचं रिसेटचं बटण दाब, दाबलेलं ठेवून चालू कर, डब्ल्यूपीएसचा दिवा लागला की सोड. बस, एवढंच.

सातारी_कंदी
ताई केलं सगळं. डब्ल्यूपीएसचा दिवा लागतो!! म्हणजे ऐकतोय तो. पण टीएफटीपीडीचा लॉग कोरा. सात-आठ वेळा केलं. फायरवॉल बंद आहे, ऑफिसच्या लॅपटॉपवर अजून एक अँटीव्हायरस आहे तो बंद करता येत नाही, आयटीवाल्यांनी कुलूप घातलंय. आता आईने जेवायला बोलावलंय, मोदक आहेत, जातो.

खटपट्या
ऑफिसचा लॅपटॉप सोड, दुसरा घे. मी माझ्या आधीच्या कंपनीच्या लॅपटॉपवर हेच केलं होतं तर दुसऱ्या दिवशी मेल आला की तुमच्या मशीनवर संशयास्पद सर्व्हर सापडलाय.

रात्रपाळी
खटपट्याचं या वेळी बरोबर आहे. कुणाचा तरी साधा लॅपटॉप बघ.

आणि दुसरं, मी आधी सांगायला हवं होतं, राहिलं. तू राऊटर बंद करून चालू करतोस ना, तेव्हा लॅपटॉपच्या लॅन पोर्टचा दिवा पण जातो. विंडोजला वाटतं वायर निघाली, तो पत्ता काढून ठेवतो. राऊटर चालू झाल्यावर विंडोज आळस देत परत उठायला तीन-चार सेकंद घेतो, आणि राऊटर तेवढ्यात येऊन दार वाजवून गेलेला असतो. म्हणून मध्ये स्विच टाक. कुठलाही, जुना पाच पोर्टवाला, किंवा दुसरा एखादा चालू राऊटर असेल तर त्याचे लॅन पोर्ट स्विचसारखे वापरता येतात, फक्त त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, बंद कर आणि त्याचा पत्ता ०.६६ नाही ना ते बघ. लॅपटॉप स्विचला, राऊटर स्विचला. मग राऊटर किती वेळा चालू-बंद केलास तरी लॅपटॉपचं लिंक तसंच राहतं. निम्म्याहून जास्त लोकांचा कोरा लॉग याने सुटतो.

म्युनिचकर
विषयाला जोडून. इकडे जर्मनीत घरोघरी फ्रिट्झबॉक्स असतो, त्याचं अजून तिसरंच तंत्र. चालू केल्यावर सुरुवातीचे काही सेकंद त्याचा बूटलोडर १९२.१६८.१७८.१ वर चक्क एफटीपी सर्व्हर उघडतो, तेवढ्यात आत शिरलात तर शिरलात. कंपनीचा रिकव्हरी प्रोग्राम आहे तो हेच करतो, तरी पण ती वेळ साधायला मला पहिल्यांदा दहा-बारा वेळा प्लग काढावा-घालावा लागला, बायको म्हणाली वीजबिल येईल. नंतर मध्ये स्विच लावला आणि पहिल्या फटक्यात झालं. तेव्हा रात्रपाळी ताईंना दुजोरा.

पालघरची_पोर
इथेच विचारते, नवीन धागा नाही काढत. आमच्याकडे फायबरचा डबा आहे, त्यावर लाल रंगाचा एलओएस दिवा लुकलुकतोय कालपासून. पप्पा म्हणतात राऊटर उडाला, मीपण ही बटण दाबायची ट्रिक करू का?

रात्रपाळी
अगं नको! एलओएस म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, डबा ठणठणीत आहे. वायर कुठेतरी वाकली असेल, उंदराने खाल्ली असेल किंवा रस्त्यात जेसीबीने तोडली असेल. पिवळी बारीक वायर घट्ट बसली आहे का बघ, कपाटामागे चेपली नाही ना बघ, टोक डोळ्यासमोर धरू नकोस, आणि मग सरळ कंपनीला फोन. आणि तो डबा रिसेट तर मुळीच करू नकोस. काही जोडण्यांमध्ये त्याची नोंदणी आणि पासवर्ड आत भरलेले असतात, एकदा पुसले की ते त्यांच्याच माणसाने येऊन भरायचे. वर जे चाललंय ते स्वतः विकत घेतलेल्या राऊटरचं आहे.

पालघरची_पोर
धन्यवाद ताई. टीव्हीच्या मागे वायर पार मोडल्यासारखी दुमडली होती, सरळ केली तर दिवा हिरवा झाला. पप्पांनी काल साफसफाई केली होती 🙂

सातारी_कंदी
मंडळी सुप्रभात. काल रात्री चुलतभावाचा लॅपटॉप आणला, तो बारावीला आहे, त्याला सांगितलं होतं की एका तासात देतो, पहाटे दोनला दिला. स्विच नव्हता पण गावातल्या सायबर कॅफेवाल्याकडे धूळ खात पडलेला मिळाला, त्याने पैसे पण घेतले नाहीत, म्हणाला प्रसाद द्या.

ताई तुम्ही म्हणालात तेच, स्विच मध्ये आला आणि पहिल्याच वेळी लॉगमध्ये ओळ आली, रीड रिक्वेस्ट फॉर फाईल आणि तेच नाव, डब्ल्यूआर८४१एनव्ही९ वालं. मी उडालोच. पण पुढच्याच ओळीत फाईल नॉट फाउंड. आता फाईल तर त्याच फोल्डरमध्ये आहे, नाव दहा वेळा ताडून बघितलं, बरोबर आहे. डोकं फिरायची वेळ आली.

विदर्भ_एक्स्प्रेस
बिन डॉट बिन झालं असते भाऊ. विंडोज फाईलचं शेपूट लपवून ठेवते. तू नाव बदलताना शेवटी डॉट बिन टाईप केलं, आणि आधीचं डॉट बिन लपलेलं तिथेच होतं. व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक कर, दिसेल तुला दोन दोन शेपट्या.

सातारी_कंदी
शप्पथ. दोन शेपट्याच होत्या.

रात्रपाळी
थांब थांब, पाठवू नकोस अजून! मूळ फाईलच्या नावात 'बूट' असा शब्द होता का? आणि प्रॉपर्टीजमध्ये आकार किती दाखवतोय, बाइट्समध्ये, एमबीत नको.

सातारी_कंदी
हो, नावात मध्ये बूट आहे. ४०६३७४४ बाइट्स. का, काय झालं? हात बटणावर होता माझा.

रात्रपाळी
बरं झालं विचारलं. त्या फाईलमध्ये फर्मवेअरच्या आधी बूटलोडर पण शिवलेला आहे. वेब पानावरून अपडेट करताना चालू असलेलं फर्मवेअर शहाणं असतं, ते कुठला तुकडा कुठे ठेवायचा ते बघतं. टीएफटीपीच्या वेळी बूटलोडरने तेवढी अक्कल दाखवली नाही तर तो आलेली फाईल जशीच्या तशी फर्मवेअरच्या जागेवर ठेवतो. म्हणजे फर्मवेअरच्या जागी आधी बूटलोडरची दुसरी कॉपी, आणि खरं फर्मवेअर १२८ केबी पुढे सरकलेलं. तो धोका कशाला घ्यायचा.

तेव्हा पुढचा भाग कापायचा. हिशोब सोपा आहे. ५१२ बाइट्सचं मथळ्याचं पान आणि १३१०७२ बाइट्सचा बूटलोडर, मिळून १३१५८४. लिनक्सवर डीडी कमांडने ५१२ चे २५७ तुकडे सोडून द्यायचे, तेच होतात. तुझ्याकडे विंडोज आहे तर एचएक्सडी नावाचा हेक्स एडिटर घे, फुकट आहे, त्यात सिलेक्ट ब्लॉक असतं, सुरुवात शून्य आणि लांबी १३१५८४, तो आकडा दशमान म्हणून टाकतोयस ना ते बघ कारण एचएक्सडी आपणहून हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचा आकडा, धरून चालतो, मग डिलीट आणि दुसऱ्या नावाने सेव्ह. उरलेली फाईल बरोबर ३९३२१६० बाइट्स भरली पाहिजे. एक बाइट इकडे तिकडे असेल तर पाठवू नकोस, परत कर. ३९३२१६० म्हणजे बरोबर पावणेचार एमबी, वर सांगितलेली फर्मवेअरची जागा तेवढीच आहे, म्हणून हा आकडा जुळला की डोळे मिटून विश्वास ठेवता येतो.

शनिवारपेठी
हे वाचून माझा हट्ट थोडा सैल झाला आहे. एक शंका: समजा चुकून बूटलोडरच पुसला गेला, तर?

विदर्भ_एक्स्प्रेस
मग उघडावा लागते. फ्लॅशची आठ पायांची चिप असते, तिला चिमटा लावायचा, सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर मिळते त्याने सरळ चिपवर लिहायचं. मी करतो असं दुकानात. चिमटा बसता बसत नाही, कधी कधी चिप काढूनच घ्यावी लागते. आणि एक, आधी जुनी चिप पूर्ण वाचून ठेवायची, मगच काही लिहायचं. शेवटच्या ६४ केबीत त्या त्या बोर्डाचं रेडिओचं माप भरलेलं असते, कारखान्यात भरते, दुसऱ्या राऊटरमधलं टाकून चालत नाही. ते गेलं की राऊटर उठते पण वायफाय लंगडते, खोलीबाहेर रेंज जात नाही. मॅक अॅड्रेस पण बूटलोडरच्याच भागात लिहिलेला असते. एका पोराने माझ्याकडे आणायच्या आधी घरी यूट्यूब पाहून पूर्ण चिप पुसली होती, त्याला सांगितलं बाबा आता हा फक्त वायरवाला राऊटर म्हणून वापर.

रात्रपाळी
आणि त्या दोन्हीच्या मध्ये सिरियल असतं. बूटलोडर जिवंत पण टीएफटीपीला दाद देत नसेल तर बोर्डावर चार भोकं असतात, यूएसबी-टीटीएल वायरने ३.३ व्होल्टवर, ११५२०० च्या वेगाने बोलायचं, इकडची पाठवायची तार तिकडच्या घ्यायच्या तारेला, जमीन जमिनीला, आणि व्होल्टची तार जोडायचीच नाही. ५ व्होल्टवर ठेवलेली वायर लावून चिप जाळलेले मी स्वतः बघितलेत, एक तर मीच जाळलाय. टीपी-लिंकच्या या पिढीत चालू होताना एका सेकंदाची उलटी गिनती असते, तेवढ्यात टी-पी-एल ही तीन अक्षरं टाईप केली की बूटलोडर थांबतो. एका सेकंदात तीन अक्षरं, म्हणून मी चालू करायच्या आधीपासूनच टीपीएल टीपीएल बडवत बसते. पण कंदीला यातलं काही लागणार नाही. कंदी, कुठे गेलास?

सातारी_कंदी
उठला!!!

सविस्तर सांगतो. एचएक्सडीत पहिल्यांदा मी हेक्समध्येच आकडा टाकला, ताई तुम्ही सांगितलं होतं तरी, फाईल भलतीच लहान झाली, आकार बघितला म्हणून कळलं. दुसऱ्यांदा बरोबर ३९३२१६०. चुलतभाऊ शेजारी बसून मोजत होता, म्हणाला ही तर आमची प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. नाव दिलं, एक शेपूट, बटण दाबलं, डब्ल्यूपीएसचा दिवा, सोडलं. लॉगमध्ये ओळ आली, सेंट ७६८१ ब्लॉक्स, ३९३२१६० बाइट्स. एवढं तीन-चार सेकंदांत झालं. मग काहीच नाही. एक मिनिट गेलं, माझ्या पोटात गोळा, हात प्लगकडे जायला लागला, भावाने धरला. साधारण दोन मिनिटांनी सगळे दिवे एकदा लागले, विझले, आणि मग तो चाकाचं चित्र असलेला दिवा नेहमीसारखा संथ लुकलुकायला लागला. ते बघून मला खरंच गहिवरून आलं, हसू नका.

एक प्रश्न, भाऊ विचारतोय, ३९३२१६० भागिले ५१२ म्हणजे ७६८० येतात, मग ७६८१ कसे? एक ब्लॉक जास्त कुठून आला? काही चुकलं का?

रात्रपाळी
वा, भावाला शाबासकी! काही चुकलं नाही. टीएफटीपीत फाईल संपली हे सांगायची पद्धत म्हणजे ५१२ पेक्षा लहान ब्लॉक पाठवणं. तुझी फाईल ५१२ ने निःशेष भागली जाते, शेवटचा ब्लॉक पण पूर्ण भरलेला, मग राऊटरला कळणार कसं की संपलं? म्हणून शेवटी एक रिकामा ब्लॉक जातो. तो ७६८१ वा. आणि ती दोन मिनिटं फ्लॅशवर लिहिण्यात गेली, फाईल पोहोचते पटकन पण चिप पुसून लिहायला वेळ लागतो. भावाने हात धरला नसता तर आपण परत पहिल्या पोस्टवर होतो.

सातारी_कंदी
आता पुढची गंमत. १९२.१६८.०.१ उघडलं, अॅडमिन-अॅडमिनने आत गेलो, सगळं कोरं, कारखान्यातून आल्यासारखं. केबलवाल्याचं पीपीपीओई आहे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकल्याशिवाय नेट जोडलं जात नाही, आणि ते कुणालाच माहीत नाही. केबलवाला फोन उचलत नाही, तो मंडळाच्या ढोल पथकात आहे. मी डोक्याला हात लावून बसलो तर अप्पा उठले, आतल्या खोलीत गेले आणि जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आले, ते एकही टाकत नाहीत, आई दरवर्षी ओरडते. त्यातल्या एका पानाच्या मागे दुधाच्या हिशोबाखाली निळ्या पेनाने पासवर्ड लिहिलेला, केबलवाला जोडून गेला त्या दिवशीच उतरवून ठेवला होता. मॅक तोच असल्यामुळे पहिल्या दमात जोडलं गेलं.

मोबाईलांवर नेट आलं, टीव्हीवर आलं, भावाच्या लॅपटॉपवर मात्र येईना. वायफाय जोडलेलं दिसतंय पण पान उघडत नाही. परत काही बिघडलं का?

खटपट्या
वायफाय चालू केलंस पण लॅनची वायर अजून लावलेलीच आहे ना? त्या लॅन कार्डावर ०.६६ तसाच बसलाय, वायफाय पण त्याच १९२.१६८.० मध्ये, बिचारा विंडोज राऊटरशी बोलायला वायरीच्या दारातून बाहेर पडतोय. स्विचची वायर राऊटरमधून काढलीस का?

सातारी_कंदी
वायर लॅपटॉपपासून स्विचपर्यंत आहे, स्विचपासून राऊटरपर्यंतची काढली होती टीव्हीला लावायला 🤦 लॅन परत ऑटोमॅटिकवर टाकलं, वायर काढली, चाललं. फायरवॉल पण चालू केली, भाऊ लॅपटॉप घेऊन पळाला.

ताई, विदर्भ भाऊ, खटपट्या, सगळ्यांचे आभार. एक शेवटचं, आता हात बसलाय तर यावर ओपनडब्ल्यूआरटी, ते राऊटरसाठीचं फुकट बाहेरचं फर्मवेअर, टाकू का? भावाला फार उत्साह आलाय.

रात्रपाळी
यावर नको. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. ओपनडब्ल्यूआरटीने २०२१ मध्ये २१.०२ आवृत्तीपासून कमीत कमी ८ आणि ६४ असा नियमच केला, त्याच्या आधीच्या आवृत्त्या बसतात कशाबशा पण त्यांना आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. भावाला खेळायचंच असेल तर ८/६४ च्या वरचा एखादा जुना राऊटर घेऊन दे, घरचा नको. आणि पुढच्या वेळी अपडेट वायरने करा, वायफायने नाही, आणि राऊटर त्या इन्व्हर्टरवर घ्या.

सातारी_कंदी
इन्व्हर्टरवर घेतला आजच. अप्पांनी गणपतीची एक माळ काढून तिथे राऊटरचा प्लग लावला, आई विचारतेय डाव्या बाजूला अंधार का.